परकारचाचांची तीन मिनिटं

परकारचाचा ऐन वाक्यात थांबायचे. समोर कोण आहे, विषय काय चाललाय, हातात चहाची बशी आहे की स्क्रू-ड्रायव्हर, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. घड्याळाचा मोठा काटा तीनवर आला की उजव्या हाताचं बोट वर आणि तोंड बंद. तोच काटा नऊवर आला की पुन्हा तसंच. तीन मिनिटं. मग बोट खाली यायचं आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू व्हायचं. "...म्हनून त्याला सांगितलं, वायर उंदराने खाल्ली तर उंदराला बोल, मला कशाला बोलतोस." ऐकणारा तोवर विसरलेला असायचा की उंदीर कुठला आणि वायर कुठली. चाचा कधी विसरायचे नाहीत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. धावत जाऊन पाणी आणलं. त्यांनी डाव्या हाताने ग्लास घेतला, टेबलावर ठेवला, उजवं बोट तसंच वर. तीन मिनिटांनी म्हणाले, "शुक्रिया बाय. पन तहान नव्हती."

आमचं ऑफिस न्हावा शेव्याच्या रस्त्यावर आहे. धंदा क्लिअरिंगचा, म्हणजे लोकांचा माल कंटेनरमधून जहाजावर चढवायचा, नाहीतर जहाजावरून उतरवून घ्यायचा, आणि त्याच्यापायी जे कागद फिरतात ते फिरवायचे. खाली टेबलं, मधून लोखंडी जिना, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर साळुंखेसाहेबांची काचेची केबिन आणि कागदपत्रं बनवणाऱ्या श्वेता मॅडम व त्यांच्या दोघी मदतनीस. खाली गाड्या आणि गेट सांभाळणारे घाग आणि बाकीची मंडळी. एकूण अकरा खुर्च्या. बारावी मी, पण मला खुर्ची नव्हती. माझं काम जिन्यावर.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि ट्रेलर चालवणाऱ्या नवऱ्यामागे कळंबोलीला आले. साळुंखेसाहेबांनी चहापाण्याला ठेवून घेतलं. पुढं पुढं चिठ्ठ्याही माझ्याकडं आल्या. श्वेता मॅडम वर बसून लिहायच्या, मी खाली नेऊन द्यायची. खालून उत्तर, ते वर. दिवसभर तेच. माझे गुडघे त्या जिन्याच्या सतरा पायऱ्या पाठ म्हणू शकतील.

मोबाईलवर ऑफिसचा ग्रुप होता, नाही असं नाही. पण त्यात सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी सांधेदुखीवरचा काढा, आणि दोन्हींच्या मध्ये कुठंतरी कंटेनर. एकदा घागांनी एका गिऱ्हाइकाला द्यायचा भाव साडूंच्या ग्रुपवर टाकला आणि चार साडूंनी अंगठे दाखवले. तेव्हापासून साहेबांचा मोबाईलवर भरवसा राहिला नव्हता.

त्यातच माझ्या हातून ती चिठ्ठी गेली. कंटेनरच्या दाराला सील लावतात, त्याच्यावर नंबर असतो. कागदावरचा नंबर आणि दारावरचा नंबर जुळला नाही तर बंदराच्या गेटवरून गाडी परत. श्वेता मॅडमनी दुरुस्त नंबर लिहून दिला, मी खाली नेला. घाग हात धुवायला गेले होते. चिठ्ठी टेबलावर ठेवली. चहाचा ग्लास डुगडुगत होता म्हणून घागांनी ती उचलून ग्लासाखाली घातली आणि गाडी जुनाच नंबर घेऊन गेली. परत आली ती संध्याकाळी, तोवर जहाजाने हात हलवला होता.

साळुंखेसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. रागावले की आवाज चढत नाही, उतरतो. "आता चिठ्ठ्या बंद," ते म्हणाले. "ऑफिसातली मेल ऑफिसातच फिरंल अशी सिस्टीम करायची. बाहेर एक अक्षर जाता कामा नये." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि रंजनाबाई, मेल चालू झाली की मग बघू, तुमचं काय करायचं ते."

ते 'बघू' मी डब्याबरोबर घरी नेलं आणि सकाळी डब्याबरोबर परत आणलं. असं कितीतरी दिवस.

सिस्टीम करायला आले ते परकारचाचा. मुरूडकडचे. पांढरे कॅनव्हासचे बूट, कडक इस्त्रीचा शर्ट, कानामागे पेन्सिल. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. डोक्याला हेडफोन लावून जगभरच्या जहाजांचे टिक-टिक निरोप घ्यायचे आणि द्यायचे. पुढं उपग्रहाचं मशीन आलं, बटण दाबलं की निरोप जायला लागला आणि चाचांना किनाऱ्यावर उतरवलं. मग ते कॉम्प्युटर शिकले, उरणला क्लास काढला. पोरं मोबाईलवरच शिकायला लागली तसा क्लासही बसला.

साहेबांनी विचारलं, "जमंल का तुम्हाला आमचं हे?"

"जमंल. पन आधीच सांगतो साहेब, मी जिथं जातो तिथलं काम मशीन करायला लागतं आनि मग मला उतरवतात. तेव्हा तीन महिन्यांचंच बोला. मागाहून वाईट वाटायला नको."

चाचांच्या खिशात दोन डब्या असायच्या. पेपरमिंटच्या डबीत स्क्रू आणि स्क्रूच्या डबीत पेपरमिंट. का, तर कुणी पेपरमिंट चोरू नये. पण ही व्यवस्था त्यांची त्यांनाच कधी लक्षात राहायची, कधी नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी साहेबांना मोठ्या आदराने स्क्रू पुढं केला. साहेबांनी तो घेतला, कारण वयाने मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं.

आल्या आल्या वायरी टाकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. चाचांनी आठवडाभर वायरीला हात लावला नाही. वही घेऊन ते माझ्या मागे जिना चढायचे आणि उतरायचे. पोटमाळ्याला ते 'ब्रिज' म्हणायचे, जहाजावर कप्तान उभा राहतो ती जागा, आणि तळमजल्याला 'डेक'. "आता ब्रिजवरून काय आलं? कोनासाठी? किती वेळ लागला?" आणि लिहून घ्यायचे.

माझी पक्की खात्री झाली की हा माणूस माझ्याविरुद्ध पुरावा जमवतोय. मग मीही हुशारी केली. आधी तीन-चार चिठ्ठ्या एका फेरीत न्यायची, आता एकेक न्यायला लागले. वहीत फेऱ्या जास्त दिसल्या तर बाईचं काम फार आहे असं वाटेल, काढणार नाहीत, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सातव्या पायरीवर चाचा थांबले. "बाय, काल तीन चिठ्ठ्या एकदम नेत होतीस. आज एकेक. हात दुखतोय?"

मला रडूच आलं. सगळं ओकून टाकलं. सीलची चिठ्ठी, साहेबांचं 'बघू', सगळं. "एरवी मी चिठ्ठी ठेवून कधी जात नाही हो चाचा," मी म्हणाले. "माणूस वाचेपर्यंत टेबलापाशी उभी राहते. घागांना राग येतो, पण मी हलत नाही. त्या दिवशी गावाहून आईचा फोन आला. मी ठेवली आणि गेले."

चाचांनी कानामागची पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. तेसुद्धा लिहून घेतलं, म्हणून मला आणखी रडू आलं.

"तुम्ही माझी नोकरी घालवायला आलात, होय ना?" मी विचारलं.

"होय," चाचा म्हणाले. "आनि माझीपन. काम नीट झालं की दोघांनी उतरायचं. पन म्हनून मेसेज चुकीचा द्यायचा नसतो. घे, तोंड गोड कर."

मी तोंडात टाकला तो स्क्रू होता.

मग काम सुरू झालं. जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर दोन विटांवर चढवला. मी फरशी पुसते तेव्हा त्याचे पाय भिजू नयेत म्हणून विटा. अकरा टेबलांच्या निळ्या वायरी त्याच्यापाशी आल्या. सगळ्यांची मेल आधी त्याच्याकडं येणार आणि तो ज्याची त्याला देणार. त्याला चाचा 'स्टेशन' म्हणायचे.

मग पत्ते. घागांनी मेलसाठी आपलं नाव, आडनाव, जन्मसाल आणि पुढं 'रॉयल' असा पत्ता सुचवला. चाचांनी त्यांना दिला, 'गेट'. श्वेता मॅडम, 'कागद'. साहेब, 'ब्रिज'.

"माझं नावच नाही?" घाग दुखावले.

"मानूस उतरतो, पोस्ट राहते. उद्या तू गेलास तर?"

"मी कुठं जाणार चाचा?"

"जहाजावर सगळे हेच म्हनतात."

मी हळूच विचारलं, "माझा पत्ता?" चाचांनी वही चाळली. "तुझी पोस्ट काय ते मला अजून कळलं नाय, बाय. थांब."

म्हणजे साहेबांचं 'बघू' आणि चाचांचं 'थांब'. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, कामवाल्या बाया कुठं लागतात ते बघून ठेवा.

मेल चालू व्हायच्या आदल्या दिवशी चाचांनी मला लाल नेलपॉलिश आणायला सांगितलं. मी कळंबोलीच्या बाजारातून आणलं तर म्हणाले, "हे मरून झालं. संकटाचा रंग मरून नसतो. भडक आन." भडक आणलं. टेबलावर चढून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाची काच काढली आणि तबकडीवर दोन लाल फोडी रंगवल्या, कलिंगडाच्या फोडीसारख्या. एक पंधरा ते अठरा मिनिटांच्या मध्ये, दुसरी पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस.

मग सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. आमच्या वेळी जगातलं प्रत्येक जहाज, कुठल्याबी देशाचं असो, तासातून दोनदा तीन मिनिटं गप्प बसायचं. कोणी काही पाठवायचं नाही. फक्त कान देऊन ऐकायचं. का? तर कुठंतरी एखादं जहाज बुडत असतं. त्याची बॅटरी संपत आलेली असते, आवाज बारीक असतो. बाकीच्यांच्या गोंगाटात तो ऐकू जात नाही. "म्हनून काटा लालमध्ये आला की मेल पाठवायची नाय. आपली आलेली मेल बघायची. कोन बुडतंय का, एवढंच बघायचं. हवा मोकळी ठेवा."

साहेबांना हे भलतंच आवडलं. शिस्त कुठलीही असो, साहेबांना आवडते.

मेल सुरू झाली आणि ऑफिसातल्या गप्पा मेलवर गेल्या. "आज भेंडी आणलीय, कुणाला वांग्याशी बदलायची आहे का" ही अकरा जणांना. त्यावर नऊ जणांचं उत्तर, तेही अकरा जणांना. घागांची मेल 'आदरणीय महोदया, सविनय प्रणाम' पासून निघायची आणि ट्रेलरचा नंबर शेवटच्या ओळीला गाठायची. चाचा त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "बुडनारा मानूस आदरनीय लिहीत नाय, घाग. घाई असंल तेवढं कमी लिहायचं."

पण तीन मिनिटं मात्र सगळे पाळायचे. काटा लालमध्ये आला की अकराच्या अकरा माना स्क्रीनपुढं खाली. पंख्याचा आवाज तेवढा. एकदा बरोबर सव्वा अकराला कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक व्यापारी आत आले. दारातच थबकले. सगळ्यांच्या माना खाली, परकारचाचा मध्ये उभे, बोट आभाळाकडं. व्यापाऱ्याने हळूच चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून उभे राहिले. थोड्या वेळाने घागांच्या कानाशी वाकून विचारलं, "कोण गेलं?"

घागांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. "अजून दीड मिनिट आहे."

व्यापाऱ्याला काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांत्वनाचा फोन केला.

माझं काय चाललं होतं? चिठ्ठ्या थांबल्या. चहा होता, फरशी होती, पण त्याला दिवसाला किती वेळ लागतो? उरलेला वेळ मी जिन्याचा कठडा पुसत राहायची. तो कठडा इतका चमकायला लागला की साहेब वर जाताना त्यात बघून केस सारखे करायचे. मेल नीट चालली की माझं 'बघू' जवळ येणार, आणि ती नीट चालावी म्हणून चाचा वाटेल ते करत होते. तरी मला त्यांचा राग येत नव्हता. दुपारी ते आपल्या डब्यातली घावनं माझ्या ताटलीत टाकायचे आणि चहाच्या ग्लासावर बोटांनी टिक-टिक करत म्हणायचे, "ओळख बघू, काय बोललो?" मी म्हणायची, "चहात साखर कमी." दर वेळी तेच म्हणायची. एकदा ते खरं निघालं.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा सील. पुन्हा चुकलेला नंबर. श्वेता मॅडमनी अकरा वीसला दुरुस्त नंबर 'गेट'ला मेल केला आणि कामाला लागल्या. दुपारी एक-दीडला गाडी गेटवरून परत.

साहेबांनी सगळ्यांना पोटमाळ्यावर बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन शेवटच्या पायरीवर. साहेबांचा आवाज इतका उतरला होता की पुढं वाकून ऐकावं लागत होतं.

"मी वेळेत पाठवली होती सर," श्वेता मॅडम म्हणाल्या.

"माझ्याकडं आलीच नाही," घाग म्हणाले. "सर्व्हरने दिली नसणार. त्या विटांमुळं काही होत असेल."

चाचा खाली गेले, बघून आले. "अकरा वीसलाच आली. घागच्या मेलच्या डब्यात हाय. उघडली नाय."

"मग तुमच्या त्या तीन मिनिटांचं काय झालं?" साहेबांनी विचारलं. "त्यानंतर चार वेळा लाल झालं. घाग, तुम्ही काय बघत होता?"

श्वेता मॅडमच्या दोघींपैकी एकीला हसू आवरेना. मग बाहेर आलं. घाग मान खाली घालून डुलकी काढायचे. पहिल्या आठवड्यापासून. त्यांचं म्हणणं, तीन-तीन मिनिटांच्या झोपेने त्यांचं पित्त कमी झालं होतं.

"आणि बाकीचे?"

एकजण मनात किराणा मालाची यादी करायचा. एकीचा जप व्हायचा. श्वेता मॅडम घड्याळाकडंच बघत राहायच्या, कधी संपतं म्हणून. खुद्द साहेब मान खाली घालून मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघायचे, पण हे मला नंतर कळलं, तेव्हा ते बोलले नाहीत.

साहेब चाचांकडं वळले. मला वाटलं, आता चाचा तीन महिन्यांच्या आधीच उतरणार. आणि खोटं कशाला लिहू, क्षणभर असंही वाटलं की सिस्टीम बुडाली, चिठ्ठ्या परत येणार, मी वाचले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

चाचांनी वही उघडली. "चूक माझी, साहेब. मी सगळ्यांना गप्प केलं. गप्प बसनं आनि ऐकनं एक नाय. जहाजावर ऐकायला मी असायचो. इथं कोन, ते मी ठरवलंच नाय." पानं उलटली. "आनि हे मला पहिल्याच आठवड्यात कोनी सांगितलं होतं. बघा, माझ्याच हातचं हाय. 'वाचेपर्यंत उभी राहते. त्या दिवशी राहिली नाय.' लिवलं, पन कळलं नाय. मला वाटलं, तिचं काम चिठ्ठी नेन्याचं. नेनं तर वायरबी करते. तिचं काम उभं राहन्याचं होतं." वही मिटली. "पाठवलं म्हनजे पोचलं नाय, साहेब. तुमच्या सिस्टीममध्ये एक पार्ट कमी हाय."

"मागवून घ्या मग."

"मागवायची गरज नाय. चहा घेऊन उभी हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ट्रे पायरीवर टेकवला.

"चाचा, मला इंग्रजी येत नाही," मी म्हणाले. "मी सातवी."

"आकडे येतात?"

"आकडे येतात."

"मग झालं."

साहेबांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. शेवटी म्हणाले, "परकारचाचा आहेत तोवर करून बघा. मग बघू."

पुन्हा 'बघू'. पण या वेळी त्याच्या आधी 'करून' होतं.

चाचांनी जिन्याखाली एक जुना स्क्रीन लावला. त्यावर अकरा पोस्टची नावं आणि प्रत्येकापुढं एक आकडा, न उघडलेल्या मेलचा. बाकी काही नाही. काटा लालमध्ये आला की मी तिथं उभी राहायची. ज्याच्यापुढं आकडा असेल त्याच्या टेबलापाशी जायचं आणि तो शून्य होईपर्यंत हलायचं नाही. मला पत्ताही मिळाला, 'वॉच', म्हणजे जहाजावरचा पहारा. त्यावर पहिली मेल चाचांची आली. मी एकेक अक्षर जुळवून वाचली: "खुर्ची मागून घे." मागून घेतली.

पहिल्या दिवशी 'ब्रिज'पुढं एक आकडा दिसला. मी जिना चढून साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. साहेब फोनवर बायकोशी बोलत होते, विषय सासूबाईंचा. त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली. मी उभी. त्यांनी डोळे वटारले. तरी उभी. शेवटी फोनवर हात ठेवून त्यांनी मेल उघडली. चाचांची होती. "टेस्ट. ती उभी राहिली का?"

खाली चाचा पेपरमिंट चघळत होते. खरोखरचं.

तिसरा महिना संपायला चार दिवस होते. पावणेपाचला 'गेट'पुढं एक. मी घागांच्या टेबलापाशी गेले तर खुर्ची रिकामी. टेबलापाशी उभं राहायचं की माणसापाशी, हे चाचांनी सांगितलं नव्हतं. एकदा टेबल सोडून गेले होते, त्याचं काय झालं ते माहीत होतं. मी बाहेर पडले. घाग टपरीवर पान लावून घेत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"ताई, इथंपण?" घाग म्हणाले. "पान तर खाऊ द्या."

मी मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. लाल चालू होतं.

टपरीवाल्याने चुना लावायचा हात थांबवला. "साहेब, जाऊन या तुम्ही. बाई काही हलायच्या नाहीत."

घाग पाय आपटत आत आले, मेल उघडली आणि पान न खाताच त्यांचं तोंड लाल झालं. गाडी ज्या गेटला निघाली होती तिथं त्या जहाजाचा माल घेणंच बंद झालं होतं, दुसऱ्या गेटला न्यायची होती. त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो वळणावर रांगेत होता, पुढं तीन गाड्या. वळला. माल गेला.

संध्याकाळी साहेब जिना उतरून माझ्या खुर्चीपाशी आले. मी उठले. "बसा," ते म्हणाले. मग कठड्यात बघून केस सारखे केले. "रंजनाबाई, बघू म्हणालो होतो ना तुम्हाला?"

"होय साहेब."

"बघितलं." आणि गेले.

चाचांना मी हे सांगायला वळले तर ते वहीत लिहीत होते. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ होती. "सर्व ठीक. वॉच जागेवर."

मी खूप वेळा विचार करते, हा माणूस दोनदा मशीनमुळं उतरला. तिसऱ्यांदा तर मशीन त्याने स्वतःच लावलं आणि त्यात दुसऱ्याला बसायला जागा करून ठेवली. स्वतःसाठी तेवढी ठेवली असती तर साहेब नाही म्हणाले नसते. मी त्यांना तसं म्हणालेही. त्यावर ते म्हणाले, "मला बसून राहवत नाय गो, आनि कंबर उभं राहू देत नाय."

शेवटच्या दिवशी घागांनी सगळ्यांच्या वतीने निरोपाची मेल लिहिली. सुरुवात 'आदरणीय' नव्हती. एकच ओळ: "चाचा, बुडतोय. या परत." चाचांनी ती प्रिंट काढून पेपरमिंटच्या डबीत घडी करून ठेवली, स्क्रूबरोबर.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. त्यांच्या हातात बॅग, माझ्या हातात त्यांचा रिकामा डबा. घरून निघताना मी पाठ करून आले होते काय बोलायचं ते. तुमच्यामुळं माझी नोकरी टिकली, पोराची शाळा चालू राहिली, गावी आईला पाठ ताठ ठेवून सांगता आलं, असं बरंच. पण रस्त्याने ट्रेलर इतके चालले होते की तोंड उघडावं तर धूळ. स्टॉपवर आलो. चाचा माझ्याकडं वळले.

"बाय," ते म्हणाले, "एक गोष्ट तुला पहिल्या दिवसापासून सांगायची होती. तू जेव्हा पहिल्यांदा तो पान्याचा ग्लास घेऊन..."

पाच पंचेचाळीस.

बोट वर. तोंड बंद.

पुढं आठ दिवसांनी मी फोन करून विचारलं होतं, काय सांगणार होतात. चाचा म्हणाले, "आठवत नाय गो, विसरलो." चाचा कधी विसरायचे नाहीत, हे मी वर लिहिलंच आहे.

तर, बोट वर. मीही गप्प, कारण लाल चालू होतं आणि नियम सगळ्यांना एकच. माझं पाठ केलेलं सगळं ओठांपर्यंत आलेलं. तेवढ्यात बस आली. चाचांनी डाव्या हातात बॅग घेतली, माझ्या हातचा डबा बगलेत मारला आणि उजवं बोट तसंच वर ठेवून पायरी चढले. कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं. चाचा बोलले नाहीत. कंडक्टरने पुन्हा विचारलं. चाचांनी बोटाने थांब अशी खूण केली. बस निघाली. खिडकीतून तो कडक इस्त्रीचा हात दिसत होता, कोपरात वाकलेला, बोट सरळ वर, आणि मान थोडी कलती, कुठून बारीक आवाज येतोय का ते ऐकत असल्यासारखी.

बस वळणावर गेली. मी हातातल्या घड्याळात पाहिलं. अजून दीड मिनिट होतं. तेवढं पुरं होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.